कोहाचं अपग्रेड अर्धवट राहिलं, आता फॉरमॅट मारायचा का?

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात उबुंटू २२.०४ च्या मशीनवर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालतं. शनिवारी दुपारी २३.११ वरून २४.११ वर जायला अपग्रेड लावलं, मध्येच लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली. सोमवारी मशीन सुरू झालं, पण ओपॅकवर, म्हणजे वाचकांच्या शोधपानावर, ‘देखभालीसाठी बंद’ असं पान येतंय. तुमच्या बाजूला नेहमीच्या लॉगिनऐवजी वेब इन्स्टॉलर उघडतो आणि तो तुमचा पासवर्ड घेत नाही. पुन्हा अपग्रेड दिलं की ‘डीपीकेजी मध्येच थांबलं’ असा संदेश येतो (डीपीकेजी म्हणजे उबुंटूचा सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम). कॉलेजात येणारे हार्डवेअरवाले म्हणतात की फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकू, आणि नॅकची भेट तोंडावर आली आहे.

आज कोणालाही फॉरमॅट मारू देऊ नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तुमची पुस्तकं, वाचक आणि देवघेव यांच्या नोंदी जागेवर असण्याची शक्यता खूप मोठी आहे. असं का म्हणतो ते सांगतो, कारण ते कळलं की पुढची पावलं तुमची तुम्हालाच सुचतील.

आपण ‘अपग्रेड’ हा एकच शब्द वापरतो, पण कोहाच्या बाबतीत त्यात एकामागून एक तीन वेगळी कामं होतात. पहिलं, जुन्या फाइल काढून नव्या फाइल बसवणं. हे उबुंटूचं डीपीकेजी करतं. दुसरं, डेटाबेसची रचना नव्या आवृत्तीला जुळेल अशी बदलणं, म्हणजे नवे तक्ते, नवे रकाने, नवी सेटिंग. हे कोहाची स्वतःची स्क्रिप्ट करते. तिसरं, शोधासाठीची अनुक्रमणिका नीट आहे ना हे पाहणं. ही झेब्रा नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे असते. लाइट यांपैकी कुठल्या कामाच्या मध्ये गेली, यावर उपाय ठरतो. ‘अपग्रेड बिघडलं’ म्हणून एकच औषध शोधत बसलो तर उपयोग होत नाही.

आता तुमची लक्षणं बघा. ओपॅक देखभालीचं पान दाखवतो, म्हणजे अपाची (वेब सर्व्हर) चालू आहे, कोहाचा प्रोग्राम चालू आहे आणि डेटाबेसशी बोलणंही बहुधा होतंय. प्लॅक (कोहाचा प्रोग्राम चालता ठेवणारा भाग) बंद असतं तर ‘सेवा उपलब्ध नाही’ असा ५०३ चा संदेश दिसला असता. डेटाबेस बंद असता तर बहुधा सॉफ्टवेअर एररचं पान आलं असतं. देखभालीचं पान बहुतेक वेळा एकाच कारणाने येतं: प्रोग्रामची आवृत्ती पुढे गेलेली असते आणि डेटाबेसमध्ये लिहिलेली आवृत्ती मागे राहिलेली असते. कोहा दर वेळी हे दोन आकडे ताडून पाहतं आणि जुळले नाहीत की वाचकांसाठी दार बंद करून तुम्हाला इन्स्टॉलरकडे पाठवतं. म्हणजे नवा प्रोग्राम बसलाय, डेटाबेसचं काम अर्धं राहिलंय, आणि शिवाय डीपीकेजीच्या वहीत काही पॅकेजं ‘अपुरी’ म्हणून नोंदलेली आहेत. हे तिन्ही पुढे नेता येण्यासारखं आहे.

हे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगून ठेवतो. तुमचा डेटाबेस त्याच मशीनवर आहे असं मी धरलंय. कोहासोबत उबुंटूचंही मोठं अपग्रेड लावलं नव्हतं असंही धरलंय. कुणी कोहाच्या मूळ फाइलींमध्ये हात घालून कॉलेजचा लोगो किंवा पावत्यांचा साचा बदलला असेल, तर ते बदल नव्या फाइलींनी पुसले गेले असतील, पण त्याचा या बिघाडाशी संबंध नाही. यांपैकी काही चुकीचं असेल तर पुढचं वाचण्याआधी कळवा.

एक सूचना लिखाणाबद्दल. कमांड मी फोनवर सांगतात तशा इथे मराठीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. तुमच्या कोहा इन्स्टन्सचं, म्हणजे मशीनवर बसवलेल्या कोहाच्या प्रतीचं, नाव मी ‘लायब्ररी’ धरलंय. खरं नाव ‘सुडो कोहा-लिस्ट’ दिल्यावर दिसेल.

सगळ्यात आधी बॅकअप. हे तुम्हाला माहीत आहे, पण इथे एक खाच आहे जी फार जणांच्या लक्षात येत नाही. पॅकेजमधून बसवलेलं कोहा रोज आपोआप डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची एका फाइलमधली प्रत, काढतं आणि ‘व्हार’ मधल्या ‘स्पूल’ मधल्या ‘कोहा’ या फोल्डरमध्ये, इन्स्टन्सच्या नावाखाली ठेवतं. फाइलच्या नावात तारीख असते आणि शेवटी ‘एसक्यूएल.जीझेड’. पण ही व्यवस्था मुळात दोनच दिवसांचे डंप ठेवते, त्याआधीचे पुसते. म्हणजे शनिवारी सकाळचा चांगला डंप, तुम्ही काही न करता मशीन नुसतं चालू ठेवलं तरी, आज-उद्या पुसला जाईल आणि त्याच्या जागी अर्धवट अवस्थेतले डंप येऊन बसतील. तेव्हा बाकी काहीही करायच्या आधी ते फोल्डर उघडा आणि जे असेल ते सगळं पेनड्राइव्हवर आणि आणखी एका संगणकावर कॉपी करा. त्यासोबत ‘ईटीसी’ मधलं ‘कोहा’ हे आख्खं फोल्डरही घ्या. त्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि झेब्राची मांडणी आहे, आणि दोन्ही पुढे लागणार आहेत.

फोल्डर रिकामं निघालं तर दचकू नका, पण कारण समजून घ्या. रोजची ही कामं उबुंटू सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी करतं. आपल्याकडे बहुतेक ग्रंथालयांत संध्याकाळी मशीन बंद करून मेन स्विच पाडायची पद्धत आहे, मग सकाळी एवढ्या लवकर मशीन चालू कुठून असणार? मशीनवर अ‍ॅनाक्रॉन असेल तर चुकलेलं काम ते मशीन सुरू झाल्यावर उरकून घेतं. डेस्कटॉप उबुंटूत ते सहसा असतं, सर्व्हर उबुंटूत नसतं. बाहेरच्या ग्रंथालयांच्या मशीन बघताना मी आधी हेच तपासतो, आणि बॅकअप रोज होतोय असं समजून वर्षानुवर्षं एकही डंप नसलेली मशीन काही कमी पाहिलेली नाहीत.

जुना डंप असो वा नसो, आत्ताच्या अवस्थेचाही एक डंप काढा: ‘सुडो कोहा-डंप लायब्ररी’. तो अर्धवट रचनेचा असेल, पण नोंदी त्यात आहेत. त्याच दिवशीचा आपोआप निघालेला डंप त्याच फोल्डरमध्ये असतो, त्यामुळे जुन्या फाइल आधी बाहेर नेल्या आहेत याची खात्री करूनच ही कमांड द्या. निघालेली फाइलही बाहेर नेऊन तिच्या नावात ‘अर्धवट’ लिहून ठेवा, म्हणजे घाईत चुकीची उचलली जाणार नाही.

तोवर काउंटर थांबवायची गरज नाही. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये वाचकाचा बारकोड, पुस्तकाचा दाखल क्रमांक, देणं की घेणं आणि तारीख, एवढंच लिहीत जा. नंतर भरताना कोहात परतीची तारीख मागची टाकता येते, तशी सेटिंग आहे, त्यामुळे मुलांना उगाच दंड लागणार नाही.

आता वेब इन्स्टॉलर. तो पासवर्ड का घेत नाही? त्याला तुमचा ग्रंथपालाचा पासवर्ड नको, डेटाबेसचा हवाय, जो कोहाच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहिलेला असतो. तो शोधून, टाकून पुढे जाता येतं आणि साध्या प्रसंगी काम होतंही. तरीही या अवस्थेत तुम्ही त्या वाटेने जाऊ नये असं मला वाटतं. डीपीकेजीचं काम अपुरं असताना एखादं पर्लचं (कोहा ज्या भाषेत लिहिलंय तिचं) मॉड्यूल बसायचं राहिलेलं असू शकतं, आणि ब्राउझरमध्ये पान मध्येच अडकलं तर नेमकं कुठे अडकलं ते कळत नाही. टर्मिनलवर प्रत्येक ओळ डोळ्यांसमोर राहते. आणखी एक सावधगिरी: तो इन्स्टॉलर ‘नवीन तक्ते बनवू का’ असं कधी विचारायला लागला, तर तिथेच थांबा. त्याचा अर्थ त्याला तुमचा डेटाबेस रिकामा दिसतोय. तसं का दिसतंय ते कळल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही.

कामाला बसण्याआधी वीज बघा. यूपीएसची बॅटरी गेलेली दिसते, तर इन्व्हर्टरवरची जागा मिळते का पाहा किंवा लाइट जायची वेळ टाळा. दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने जोडून काम करणार असाल तर आधी ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ सुरू करा, म्हणजे वायफाय तुटलं तरी काम तुटत नाही.

मग दोन गोष्टी तपासा. पहिली जागा: ‘डीएफ -एच’. मुख्य डिस्क ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर आधी जागा करा. लाइट गेल्याचं निमित्त झालं, पण मूळ दुखणं भरलेली डिस्क असंही असतं, आणि भरलेल्या डिस्कवर कितीही वेळा कमांड दिली तरी ती त्याच ठिकाणी पडते. ‘बूट’ वेगळं पार्टिशन असेल तर तेही बघा. जुन्या कर्नलांनी (उबुंटूच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्यांनी) ते भरलेलं असतं आणि मग कोहाशी काही संबंध नसलेल्या कर्नलच्या पॅकेजवर सगळी गाडी अडते. दुसरी गोष्ट मारियाडीबी, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्राम: ‘सिस्टमसीटीएल स्टेटस मारियाडीबी’. हिरव्या अक्षरांत चालू दिसायला हवी. (तुमच्याकडे मायएसक्यूएल असेल तर ते नाव घाला.) लाइट गेल्यावर डेटाबेस स्वतःच्या लॉगवरून स्वतःला सावरतो. मोठ्या डेटाबेसला आणि जुन्या हार्डडिस्कला त्यासाठी वेळ लागतो. सुरू होत नाही म्हणून ‘आयबी-लॉगफाइल’ नावाच्या फाइल डिलीट करा असा सल्ला तुम्हाला कुठे ना कुठे मिळेल. तो मुळीच ऐकू नका. ज्या लॉगवरून डेटाबेस सावरणार आहे, तोच तुम्ही फेकून देता.

असाच दुसरा सल्ला म्हणजे लॉक फाइल डिलीट करा. डीपीकेजी म्हणालं की दुसरं कोणी काम करतंय, तर बहुतेक वेळा खरंच कोणी करत असतं. उबुंटूची आपोआप होणारी सुरक्षा अपडेट मशीन सुरू झाल्या झाल्या मागे चालू लागते. दहा-पंधरा मिनिटं थांबा, ती संपली की लॉक आपोआप सुटतं. दोन प्रोग्राम एकाच वेळी त्या वहीत लिहायला लागले तर जी वही आज शाबूत आहे ती खरोखर बिघडेल.

त्या वहीबद्दल थोडं सांगतो. डीपीकेजी प्रत्येक पॅकेजची अवस्था लिहून ठेवतं: फाइल उलगडल्या, रचना अर्धी झाली, पूर्ण बसलं. ‘डीपीकेजी -एल’ दिलं की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन अक्षरं दिसतात. दोन्ही ‘आय’ असतील तर ते पॅकेज नीट आहे. दुसरं अक्षर मोठं ‘यू’ असेल तर फाइल आल्यात पण रचना व्हायची आहे, मोठं ‘एफ’ असेल तर रचना करताना अडलं, आणि मोठं ‘एच’ असेल तर फाइलच अर्ध्या आल्या. यादी लांबलचक असते, म्हणून त्याऐवजी ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ द्या, ते फक्त अपुरी पॅकेजं दाखवतं. ही यादी कागदावर उतरवून घ्या. तुमच्या वर्णनावरून मला तिथे ‘कोहा-कॉमन’ आणि सोबत काही पर्लची पॅकेजं दिसतील असं वाटतं. ‘एच’वाली निघाली तर तेवढी पॅकेजं ‘ऍप्ट’ला (पॅकेजं उतरवून आणणाऱ्या कमांडला) पुन्हा बसवायला सांगावी लागतील.

आता खरं काम. तुम्हाला जो संदेश येतोय त्यात उपायही लिहिलेलाच आहे: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. ‘ए’ म्हणजे जे जे अपुरं आहे ते सगळं. ही कमांड नवीन काही उतरवून घेत नाही, जिथे काम थांबलं तिथून पुढे नेते. म्हणूनच मी हिच्यापासून सुरुवात करतो. चालू असताना तीन प्रकार होऊ शकतात.

एक, स्क्रीन बराच वेळ हलतच नाही. कोहात मराठी किंवा हिंदी भाषा बसवलेली असेल तर तिची सगळी पानं या टप्प्यावर नव्याने तयार होतात आणि जुन्या मशीनवर ते सावकाश होतं. दुसऱ्या टर्मिनलवर ‘टॉप’ लावून बघा. पर्लचा प्रोसेस सीपीयू खातोय म्हणजे काम चालू आहे. खिडकी बंद करू नका.

दोन, मध्येच प्रश्न येतो: या फाइलमध्ये तुम्ही बदल केलेले दिसतात, नवी आवृत्ती घ्यायची की तुमची ठेवायची? खात्री नसेल तर तुमची ठेवा, म्हणजे ‘एन’. नवी फाइल शेजारीच वेगळ्या नावाने राहते, नंतर ताडून पाहता येते. या प्रश्नाशी मराठी ग्रंथालयांचं एक खास दुखणं जोडलेलं आहे, त्याकडे पुढे येतो.

तीन, लाल अक्षरांत चूक येऊन थांबतं. अशा वेळी शेवटची ओळ वाचू नका. शेवटच्या ओळीत फक्त ‘चुका आल्या’ एवढंच असतं. वर सरकत जा आणि पहिली चूक शोधा. बाकीच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात. अमुक पॅकेज हवं होतं पण मिळालं नाही अशी तक्रार असेल, तर ‘सुडो ऍप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ द्या. मात्र ‘वाय’ दाबण्याआधी काय काढणार आहे ती यादी वाचा. त्यात ‘कोहा-कॉमन’ किंवा ‘मारियाडीबी-सर्व्हर’ काढणार असं लिहिलेलं असेल तर ‘एन’ दाबा आणि ती यादी इथे टाका.

हे नीट पार पडलं तर डेटाबेसची रचनाही बहुधा सोबतच पूर्ण होते, कारण कोहाचं पॅकेज बसताना ती स्क्रिप्ट आपोआप चालवतं. तरी मी स्वतः बघितल्याशिवाय पुढे जात नाही. ‘सुडो कोहा-मायएसक्यूएल लायब्ररी’ दिलं की डेटाबेसचा प्रॉम्प्ट येतो. तिथे सिस्टमप्रेफरन्सेस या तक्त्यातून व्हर्जन नावाच्या नोंदीची किंमत काढा. समजा आकडा २४.०६०००१२ आला, तर तो २४.०६.००.०१२ असा वाचायचा, म्हणजे २४.११ कडे जाणाऱ्या वाटेवर तो त्या पायरीपर्यंत पोचलाय. कोहाचं डेटाबेस अपग्रेड असंच पायरीपायरीने होतं. एक पायरी संपली की हा आकडा एकने पुढे लिहिला जातो आणि मग पुढची पायरी सुरू होते. त्यामुळे मध्येच थांबलं तरी पुन्हा सुरुवातीपासून करावं लागत नाही.

आकडा मागे असेल तर ‘सुडो कोहा-अपग्रेड-स्कीमा लायब्ररी’ (स्कीमा म्हणजे डेटाबेसची रचना) चालवा आणि ओळी बघत राहा. प्रत्येक पायरीचा क्रमांक आणि तिने काय केलं ते दिसतं. बहुतेक वेळा सगळ्या पायऱ्या सरळ पार पडतात आणि विषय संपतो.

अडलं तर सहसा नेमक्या एका पायरीवर अडतं, जिच्या मध्ये लाइट गेली होती. मारियाडीबीत तक्त्याची रचना बदलणारी आज्ञा झाली की ती लगेच पक्की होते, मागे घेता येत नाही. म्हणजे एका पायरीत तीन बदल असतील, त्यांतले दोन झाले आणि वीज गेली, तर दोन बदल राहतात पण आकडा पुढे जात नाही. पुन्हा चालवल्यावर ती पायरी पहिला बदल करायला जाते आणि ‘हा रकाना आधीच आहे’ अशी चूक येऊ शकते. बऱ्याच पायऱ्या रकाना आहे का हे आधी तपासतात, म्हणून हे दर वेळी होत नाही. झालंच, तर तो रकाना स्वतः पुसू नका आणि आकडाही हाताने पुढे ढकलू नका. आकडा ढकलला की देखभालीचं पान नाहीसं होतं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि राहिलेला बदल काही महिन्यांनी भलत्याच ठिकाणी, म्हणजे नूतनीकरण करताना किंवा मार्चअखेरीचे अहवाल काढताना, त्रास देतो. तेव्हा तो कुठून आला हे कोणालाच आठवत नाही.

अशा वेळी मी डागडुजी करत बसण्याऐवजी शनिवारचा चांगला डंप परत घेणं पसंत करतो. तुमच्या बाबतीत ते सोपंही आहे. शनिवारी दुपारपासून कोहा बंदच आहे, म्हणजे नव्या नोंदी झालेल्याच नाहीत. डंप सकाळचा असेल तर सकाळ ते दुपार एवढ्याच देवघेवी परत भराव्या लागतील, आणि त्या आत्ताच काढलेल्या ‘अर्धवट’ डंपमधून शोधता येतात. हा डंप जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे तो भरला की आकडाही जुना होतो आणि स्कीमाची स्क्रिप्ट सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून स्वच्छ करते.

फक्त एक चूक टाळा. जुना डंप आहे त्या डेटाबेसवर नुसता ओतू नका. डंप फक्त त्याच्यात असलेले तक्ते पुसून परत बनवतो. अर्धवट अपग्रेडने बनवलेले नवे तक्ते त्याला माहीतच नसतात, ते तसेच मागे राहतात आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘आधीच आहे’ म्हणून अडवतात. म्हणून आधी प्लॅक आणि क्रॉन (ठरल्या वेळची कामं करणारा प्रोग्राम) थांबवायचे, दोन्ही डंप मशीनच्या बाहेर आहेत आणि उघडतात याची खात्री करायची, मग डेटाबेस पूर्ण काढून त्याच नावाने रिकामा बनवायचा आणि त्यात जुना डंप भरायचा. ही पायरी एकट्याने पहिल्यांदा करू नका. कॉलेजच्या संगणक विभागातल्या, डेटाबेस हाताळणाऱ्या कुणाला तरी शेजारी बसवा. भरून झालं की मराठी शीर्षकं उघडून बघा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर कॅरेक्टर सेट चुकलाय. तिथेच थांबा, पुढे नोंदी करू नका.

रचना पूर्ण झाली, आकडा जुळला, तरी देखभालीचं पान दिसतच असेल तर मेमकॅश्ड रीस्टार्ट करा. कोहा सेटिंग त्यात साठवून ठेवतं आणि जुना आकडा तिथे चिकटून बसलेला असतो. त्यानंतर ‘सुडो कोहा-प्लॅक --रीस्टार्ट लायब्ररी’ आणि शेवटी अपाची.

आता मघाचं मराठीचं दुखणं. अपग्रेडनंतर मला येणाऱ्या फोनांमध्ये ‘पुस्तकं गेली’ ही तक्रार ठरलेली असते. बारकोड स्कॅन केला तर पुस्तक दिसतं, देताही येतं, पण शीर्षकाने शोधलं तर शून्य. म्हणजे पुस्तकं कपाटात आहेत आणि कार्डांचा खण तेवढा रिकामा झालाय. बारकोडवरची देवघेव थेट डेटाबेसवर चालते, शीर्षकाचा शोध झेब्रावर. अशा वेळी ‘सुडो कोहा-झेब्रा --रीस्टार्ट लायब्ररी’ देऊन मग ‘सुडो कोहा-रीबिल्ड-झेब्रा -व्ही -एफ लायब्ररी’ द्या. सगळ्या नोंदींची अनुक्रमणिका नव्याने बनते. ग्रंथसंख्या मोठी असेल तर वेळ लागेल.

पण इंग्रजी पुस्तकं सापडतात आणि मराठी सापडत नाहीत असं झालं, तर नुसत्या रीबिल्डने काही होणार नाही. देवनागरी नीट शोधता यावी म्हणून बसवणाऱ्याने झेब्राच्या ‘डिफॉल्ट.आयडीएक्स’ या फाइलमध्ये आयसीयूची (निरनिराळ्या लिप्या हाताळणाऱ्या घटकाची) ओळ घातलेली असते. मी वर ज्या प्रश्नाबद्दल लिहिलं, तो अनेकदा याच फाइलबद्दल असतो. तिथे कुणी ‘वाय’ म्हटलं असेल तर मूळची फाइल परत आली आणि आयसीयू गेलं. ‘ईटीसी’ मधल्या ‘कोहा’ मधल्या ‘झेब्राडीबी’ मधल्या ‘ईटीसी’त जा. तिथे त्याच नावापुढे ‘डीपीकेजी-ओल्ड’ लिहिलेली फाइल दिसली तर ती तुमची जुनी फाइल आहे. दोन्ही ताडून ती ओळ परत घाला, झेब्रा रीस्टार्ट करा आणि मग रीबिल्ड. तपासताना जोडाक्षरं आणि रफार असलेले शब्द मुद्दाम शोधा, ‘ज्ञानेश्वरी’, ‘अर्थशास्त्र’ असे. नॅकच्या समितीतलं कोणीही ओपॅकवर पहिल्यांदा मराठी नावच टाकून बघणार.

हार्डवेअरवाल्यांच्या सल्ल्यालाही एका बाबतीत जागा आहे. ‘डीमेसेज’ या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या संदेशांमध्ये डिस्क वाचताना-लिहिताना चुका येत असतील किंवा मशीन वारंवार अडकत असेल, तर डिस्कच जात चालली आहे. अशा डिस्कवर वरचं काहीही करू नका. डंप बाहेर काढा, नवी डिस्क घ्या आणि तिथे नव्याने बसवा. एरवी फॉरमॅट मारूनही तुम्हाला शेवटी हाच डंप भरून हीच स्कीमाची स्क्रिप्ट चालवावी लागणार आहे. काम तेवढंच राहतं, वर पासवर्ड, आयसीयू, प्रिंटरची मांडणी आणि बारकोडची लेबलं हे सगळं पुन्हा करायचं वाढतं.

म्हणजे क्रम असा: जुने डंप बाहेर, आत्ताचा डंप, वीज, डिस्कची जागा, मारियाडीबी, मग डीपीकेजी, मग आकडा आणि स्कीमा, मग मेमकॅश्ड, आणि सर्वांत शेवटी मराठी शोध.

सगळं सुरळीत झाल्यावर कोहाची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजं जिथून येतात तो पत्ता, जिथे लिहिलेली आहे ती ओळ एकदा उघडून बघा. तिथे ‘स्टेबल’ असा शब्द असेल, तर कोहाची नवी मोठी आवृत्ती निघाली की, आणि ती साधारण दर मे आणि नोव्हेंबरमध्ये निघते, उबुंटूच्या नेहमीच्या अपडेटबरोबर तुमचं कोहाही आपोआप उडी मारेल. ऐन प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या दिवसांत ते नको असतं. त्या शब्दाच्या जागी २४.११ असा आवृत्तीचा आकडा घातला की त्याच आवृत्तीच्या दुरुस्त्या मिळत राहतात आणि मोठी उडी कधी घ्यायची ते तुम्ही ठरवता. मी उन्हाळ्याच्या सुट्टीतला कामाचा दिवस घेतो, शनिवार दुपार घेत नाही, कारण अडलं तर विचारायला कोणीतरी जागेवर लागतं.

कुठे अडलात तर चार गोष्टी पाठवा: ‘डीपीकेजी --ऑडिट’ने दिलेली यादी, पहिल्या चुकीच्या आसपासच्या वीसेक ओळी, डेटाबेसमधला व्हर्जनचा आकडा आणि ‘डीएफ -एच’चा निकाल. स्क्रीनचा फोटो चालेल. कॉन्फ फाइल पाठवायची वेळ आली तर पासवर्डची ओळ आधी खोडा.